८७ कोटी डॉलर कमावूनही ‘पडलेला’ सिनेमा

‘मामा, सत्त्याऐंशी कोटी डॉलर कमावलेत त्यानं. फ्लॉप कसला?’

माझ्या भाच्याचा हा प्रश्न जुना आहे. २०१६ साली तो आठवीत होता. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेच्या सुट्टीत, मी त्याला ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्सला ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस’ बघायला नेलं होतं. त्याच शुक्रवारी निशिकांत कामतांचा ‘रॉकी हँडसम’ लागला होता आणि मला खरं तर तो बघायचा होता. पण बरोबर आठवीतला मुलगा, म्हटल्यावर विषयच संपला.

आता तो मिसरूड फुटलेला इंजिनिअर आहे आणि भांडण तेच आहे. २०२५च्या जुलैत नवा ‘सुपरमॅन’ आला तेव्हा तर ते नव्यानं पेटलं. एक बाजू म्हणते, दिग्दर्शक झॅक स्नायडरचा २०१६चा सिनेमा म्हणजे न समजलेली कलाकृती. दुसरी म्हणते, कंपनीला खड्ड्यात घालणारा अडीच तासांचा अंधार. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना प्रश्न पडतो की चड्डीवाल्या हिरोंच्या एका सिनेमावरून माणसं इतकी वर्षं एकमेकांच्या उरावर का बसतात? तर तेच जरा पहिल्यापासून बघू.

## गोष्ट आहे तरी काय?

सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा. दोघंही डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाचे, आणि त्यांच्या सिनेमांचे हक्क वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओकडे. एक परग्रहावरून आलेला, जवळजवळ देवच. दुसरा माणूसच, पण गडगंज श्रीमंत आणि आई-वडिलांचा खून डोळ्यांदेखत झाल्यानं आतून करपलेला. इतक्या वर्षांत मोठ्या पडद्यावर खऱ्या नटांनी केलेल्या एकाही सिनेमात हे दोघं समोरासमोर आले नव्हते.

२०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये स्नायडरनं हेन्री कॅव्हिलचा सुपरमॅन आणला. त्याच्या शेवटी सुपरमॅन आणि खलनायकाच्या मारामारीत मेट्रोपोलिस शहराच्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात. लोकांनी विचारलं, हा कसला रक्षक? त्या बिल्डिंगांमध्ये माणसं नव्हती का?

पुढच्या सिनेमानं ती टीकाच कथेचं बीज म्हणून घेतली, आणि ही खरोखर हुशारी होती. सुरुवातीलाच तीच मारामारी पुन्हा दिसते, पण या वेळी खालून, रस्त्यावरून. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, गाडी पिटाळत शहरात शिरतो, फोनवर आपल्या ऑफिसातल्या माणसाशी बोलत असतानाच समोरची इमारत खाली बसते. धुळीचा लोट अंगावर येतो. बाकी सगळे उलट्या दिशेनं पळतायत आणि हा एकटा त्या लोटात धावत शिरतो. मग धुळीतून एक छोटी मुलगी. तिची आई कुठाय विचारल्यावर ती पडलेल्या इमारतीकडे बोट दाखवते. तिला कवटाळून ब्रूस वर बघतो, आकाशात दोन ठिपके अजून भांडतायत. त्याच्या नजरेतला तो राग बघून बॅटमॅनला सुपरमॅनचा काटा का काढायचाय, हे शब्दही न बोलता कळतं. सुपरहिरोंच्या सिनेमांतली मला माहीत असलेली ही सर्वांत चांगली दहा मिनिटं. भांडण आहे ते उरलेल्या दोन तास वीस मिनिटांवर.

## गल्ला म्हणजे कमाई नव्हे

आता भाच्याच्या ८७ कोटींकडे. बातमीत येतो तो आकडा म्हणजे जगभरच्या तिकीट खिडक्यांवर गोळा झालेला एकूण गल्ला. पुण्यात आपण चाळीस रुपयांनी कांदा घेतो तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याच्या हातावर चाळीस रुपये पडत नाहीत. मध्ये हमाली आहे, वाहतूक आहे, घाऊकवाला आहे, कोपऱ्यावरचा भाजीवाला आहे. सिनेमाचंही तसंच.

अमेरिकेत ढोबळमानानं निम्मा गल्ला थिएटरवाले ठेवतात. परदेशात स्टुडिओचा वाटा आणखी कमी होतो, आणि चीनमध्ये तर परदेशी सिनेमाला साधारण चौथा हिस्साच मिळतो. या सिनेमाचे ३३ कोटी डॉलर अमेरिका-कॅनडातले आणि ५४ कोटी बाकी जगातले. म्हणजे स्टुडिओच्या हाती थिएटरांतून फार तर ३७-३८ कोटी आले असतील. हा माझा कच्चा हिशेब, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

खर्चाच्या बाजूला निर्मितीचे सुमारे २५ कोटी. त्यावर जगभरची जाहिरात, जी एवढ्या मोठ्या सिनेमाला सहज १५ कोटींच्या घरात जाते. वजाबाकी करून बघा. थिएटरांत जेमतेम बरोबरी. नफा आला तो नंतर, टीव्हीचे हक्क, डिस्क, डिजिटल विक्री यांतून. ‘डेडलाइन’ या सिनेव्यवसायाच्या बातम्या देणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळाच्या अंदाजानं शेवटी सुमारे साडेदहा कोटी डॉलर नफा राहिला.

तर भाचा बरोबर आहे, तोटा झाला नाही. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या ‘डेडपूल’ला सहा कोटींहून कमी खर्च आला होता आणि त्याचा गल्ला ७८ कोटी. आणि मे महिन्यात डीसीचा प्रतिस्पर्धी असलेल्या मार्व्हलचा ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ ११५ कोटींवर गेला. बॅटमॅन आणि सुपरमॅन, जगातली दोन सर्वांत ओळखीची सुपरहिरो नावं एका पोस्टरवर, आणि शंभर कोटींचा टप्पाही नाही. घरातला हुशार मुलगा फर्स्ट क्लासमध्ये पास झाला तरी घरात सुतक पडतं ना, तसं.

## दुसऱ्या शुक्रवारी काय झालं?

स्टुडिओच्या पोटात गोळा आला तो एकूण आकड्यानं नव्हे, उतरणीनं. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत १६ कोटी ६० लाख डॉलर जमले. दणदणीत. पण त्यातसुद्धा शुक्रवारी आठ कोटींहून जास्त आणि रविवारी साडेतीन कोटींच्या आसपास, अशी घसरगुंडी होती. दुसऱ्या आठवड्याच्या तीन दिवसांत ५ कोटी १० लाख. म्हणजे ६९ टक्के घट. अमेरिकेतला शेवटचा गल्ला पहिल्या तीन दिवसांच्या दुप्पटही भरला नाही.

याचा अर्थ लावायला अर्थशास्त्र नको. गावात नवी खानावळ निघाली, पहिल्या दिवशी दारात रांग लागली आणि चौथ्या दिवशी टेबलं रिकामी दिसली, तर जाहिरात झकास होती आणि रस्सा बिघडला होता, एवढंच. पहिला वीकेंड असतो ट्रेलरचा आणि नावाचा. दुसरा वीकेंड असतो माउथ पब्लिसिटीचा.

‘पण रविवारी ईस्टर होता, लोक घरी जेवत होते,’ असं स्नायडरचे चाहते म्हणतात. होता, खरंच होता. पण पुढच्या शनिवारी नव्हता. पहिल्या रात्री थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेणारी सिनेमास्कोअर नावाची अमेरिकी कंपनी आहे. पहिल्या रात्री येतात ते भक्तच, त्यामुळे ते हात सैल सोडून मार्क देतात आणि असल्या सिनेमांना सहसा ‘ए’च्या आसपास श्रेणी मिळते. याला मिळाली ‘बी’. भक्तांकडूनच.

## २८ टक्के म्हणजे दहापैकी २.८ नव्हे

दुसरा गोंधळ समीक्षेच्या आकड्याचा. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर या सिनेमाला २८-२९ टक्के आहेत, आणि लोक तो आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाचतात. तो मार्कांचा आकडा नाही, शाळेच्या निकालाचा आहे. शंभर समीक्षकांपैकी किती जणांनी सिनेमाला ‘पास’ म्हटलं, एवढंच तो सांगतो. वर्गातल्या सत्तर मुलांना तेहतीस-तेहतीस पडले आणि पासिंग पस्तीसला असलं, तर निकाल भयंकर दिसेल, पण मुलं ढ नव्हेत. या सिनेमाला समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी दहापैकी पाचच्या आसपास येते. बहुतेकांच्या लेखी तो वाईट नव्हता, काठावर नापास होता.

इथे भाचा नेहमी हुकमाचा एक्का टाकतो: ‘समीक्षकांना मार्व्हलनं, म्हणजे डिस्नेनं, पैसे चारले होते.’ पुरावा कुणी कधीच दिला नाही. शिवाय पुढच्याच वर्षी त्याच वॉर्नरच्या, त्याच डीसीच्या, याच सिनेमात त्या भूमिकेत पहिल्यांदा दिसलेल्या गॅल गॅडोटच्या ‘वंडर वुमन’ला त्याच समीक्षकांनी ९३ टक्क्यांवर नेलं. पाकिटं मधल्या काळात परत केली की काय?

## कांदेपोहे नाहीत, साखरपुडा नाही, थेट पंगत

आता खरं दुखणं. त्यासाठी एकच नवा शब्द लागेल, सिनेविश्व. वेगवेगळ्या सिनेमांतली पात्रं एकाच जगात राहतात, एकमेकांच्या गोष्टींत ये-जा करतात, आणि एका सिनेमात घडलेलं दुसऱ्यात मोजलं जातं, त्या साखळीला सिनेविश्व म्हणतात. मार्व्हलनं २००८च्या ‘आयर्न मॅन’पासून ते सुरू केलं आणि मधे चार सिनेमे घेऊन २०१२ला ‘अॅव्हेंजर्स’मध्ये सगळ्यांना एकत्र बसवलं. आधी कांदेपोहे, मग साखरपुडा, केळवणं, आणि मग लग्न. पंगतीत बसेपर्यंत पाहुणे एकमेकांना ओळखत होते.

वॉर्नरला घाई होती. जुलै २०१३मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये हॅरी लेनिक्स या नटानं व्यासपीठावर येऊन फ्रँक मिलरच्या १९८६च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकमधला एक उतारा वाचला आणि मागे बॅटमॅन-सुपरमॅनची चिन्हं एकात एक गुंतलेली झळकली. सभागृह वेडं झालं. महिनाभरानं बॅटमॅन म्हणून बेन अॅफ्लेकचं नाव आलं आणि तेच लोक त्याला काढा म्हणून ऑनलाइन अर्ज करू लागले, कारण त्याचा २००३चा ‘डेअरडेव्हिल’ कुणी विसरलं नव्हतं. (गंमत अशी की सिनेमा आल्यावर ज्याचं जवळपास सगळ्यांनी कौतुक केलं तो अॅफ्लेकच. गोदामातली ती मारामारी बघा.)

प्रदर्शनाची तारीख जुलै २०१५वरून मे २०१६वर गेली, तिथे ‘सिव्हिल वॉर’शी टक्कर दिसल्यावर २५ मार्चला आली. दरम्यान ऑक्टोबर २०१४मध्ये, म्हणजे हा सिनेमा यायला दीड वर्ष असताना, वॉर्नरनं २०२०पर्यंतचे दहा सिनेमे जाहीर करून टाकले. पाया ओला होता आणि दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं बुकिंग सुरू झालं होतं.

मग या एका सिनेमावर किती कामं पडली बघा. ‘मॅन ऑफ स्टील’चा पुढचा भाग व्हायचं. नवा, म्हातारा होत चाललेला बॅटमॅन ओळखीचा करायचा. दोघांना भिडवायचं आणि मग दोस्ती करवायची. लेक्स लूथर हा खलनायक उभा करायचा. वंडर वुमन आणायची. डूम्सडे नावाच्या राक्षसाकडून सुपरमॅनला मारायचं. आणि डीसीच्या सगळ्या हिरोंना एकत्र आणणाऱ्या पुढच्या ‘जस्टिस लीग’चं आमंत्रणही याच सिनेमात वाटायचं. हे शेवटचं कसं केलं? ऐन तोंडावर आलेली लढाई बाजूला राहते आणि डायना, म्हणजे वंडर वुमन, लॅपटॉप उघडून ईमेल वाचते. त्यात लूथरकडून चोरलेले तीन हिरोंचे तीन व्हिडिओ: फ्लॅश, अॅक्वामॅन, सायबॉर्ग. प्रत्येकाच्या फाइलवर त्याचं बोधचिन्हसुद्धा तयार! लूथरनं जगाचा नाश करायच्या धामधुमीत लोगो कधी डिझाइन करून घेतले, हा प्रश्न माझ्या मनात आजही आहे. पुढची दहा वर्षं चालायचा व्यवसाय ईमेलच्या अटॅचमेंटमधून सुरू झाला.

## कापलेला अर्धा तास

थिएटरात आला तो सिनेमा १५१ मिनिटांचा. तीनच महिन्यांनी डिजिटलवर आणि मग डिस्कवर विस्तारित आवृत्ती आली, १८२ मिनिटांची. अर्धा तास आधी का कापला?

थिएटरचा पडदा म्हणजे एसटीची गाडी. दिवसाच्या फेऱ्या ठरलेल्या वेळेतच बसवायच्या. सकाळी दहा ते रात्री एक, असे पंधरा तास धरा, म्हणजे ९०० मिनिटं. जाहिराती, झाडलोट, लोकांची चढउतार यांना प्रत्येक खेळामागे २५ मिनिटं द्या. १५१ मिनिटांच्या सिनेमाचे पाच खेळ बसतात, १८२ मिनिटांच्या सिनेमाचे चारच. म्हणजे हजारो पडद्यांवर रोज एकेक खेळ गेला. भर म्हणजे लांब आवृत्तीला अमेरिकेत मुलांना एकट्यानं न सोडणारं ‘आर’ प्रमाणपत्र लागलं. छोटीला ‘पीजी-१३’वर भागलं. स्टुडिओचा विचार मूर्खपणाचा नव्हता.

पण कापलं काय, हे बघा. सुरुवातीला आफ्रिकेतल्या एका काल्पनिक देशात सुपरमॅन पत्रकार लोइस लेनला वाचवायला येतो आणि नंतर तिथल्या गावकऱ्यांच्या कत्तलीचा ठपका त्याच्यावर येतो. थिएटरात मी गोंधळलो होतो. माणसं बंदुकीनं मेली, मग जो डोळ्यांतून आग फेकतो त्याच्यावर आळ कसा? उत्तर कापलेल्या भागात होतं. लूथरचे भाडोत्री सैनिक प्रेतं जाळतात, म्हणजे ती सुपरमॅनच्या नजरेनं जळाल्यासारखी दिसावीत. वॉशिंग्टनमध्ये येऊन साक्ष देणारी गावकरी बाई लूथरनं धमकावून उभी केलेली असते. ती सिनेटरपुढे कबुली देते आणि नंतर तिला रेल्वेखाली ढकललं जातं.

तसंच त्या व्हीलचेअरचं. सुनावणीच्या वेळी एका अपंग माणसाच्या व्हीलचेअरमधला बॉम्ब फुटतो आणि सुपरमॅन नुसता बघत उभा. भिंतीपलीकडचं ज्याला दिसतं त्याला समोरचा बॉम्ब कसा दिसला नाही? लांब आवृत्तीत कळतं की खुर्चीला शिशाचं अस्तर होतं, आणि शिशाच्या आरपार त्याला दिसत नाही. एक वाक्य! ते वाक्य ज्या पात्राच्या तोंडी होतं, ते जेना मलोनचं अख्खं पात्रच संकलनाच्या टेबलावर गेलं. पत्रकार क्लार्क केंट, म्हणजे साध्या कपड्यांतला सुपरमॅनच, बॅटमॅनच्या गॉथम शहराच्या गल्ल्यांत फिरून बॅटमॅनबद्दल चौकशी करतो तो भागही गेला, म्हणजे सुपरमॅनला बॅटमॅनचा राग का, याचं अर्धं कारण गेलं.

मारामाऱ्यांना फारशी कात्री लागली नाही. गेली ती कारणं. रहस्यकथेतलं दर पाचवं पान फाडून पुस्तक छापल्यासारखं झालं. लेखक क्रिस टेरिओनं नंतर एका मुलाखतीत नेमकी हीच तक्रार केली. त्याची कीव येते, कारण दरवर्षी सर्वांत वाईट सिनेमांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांपैकी चार या सिनेमाला मिळाले आणि त्यातला एक पटकथेचा होता.

## मार्था

आता तो प्रसंग. बॅटमॅननं सुपरमॅनला क्रिप्टोनाइटच्या धुरानं लुळा करून पाडलंय. गळ्यावर बूट. हातात भाला. सुपरमॅन घुसमटत म्हणतो, मार्थाला वाचव. बॅटमॅन थबकतो, कारण त्याच्या खून झालेल्या आईचं नाव मार्था. हे नाव का घेतलंस म्हणून तो ओरडतो, तेवढ्यात लोइस धावत येऊन सांगते की सुपरमॅनला वाढवणाऱ्या आईचंही नाव मार्थाच. भाला बाजूला पडतो. दोन मिनिटांत मैत्री.

ठाण्याच्या त्या थिएटरात हशा पिकला. आठवीतला भाचाही हसला, आणि त्यानं डोक्यावर घेतलेला हा सिनेमा!

कल्पना वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. ज्याला आपण राक्षस समजत होतो तोही कुणाचा तरी मुलगा आहे. आणि आपण, ज्याच्या आईला एका बंदूकवाल्यानं मारलं, तेच आता भाला घेऊन त्या बंदूकवाल्याच्या जागी उभे आहोत, हे बॅटमॅनला त्या क्षणी दिसतं. कागदावर हे उत्तम. पण मरायला टेकलेला माणूस आईला नावानं हाक मारतो का? आपल्यातला कुणीही ‘आईला वाचव’ म्हणेल. ‘सुमनला वाचव’ कोण म्हणेल? योगायोग साधायला पात्राच्या तोंडी खोटं वाक्य घातलं आणि प्रेक्षकाला ते ऐकताक्षणी कळलं.

## ‘बॅटमॅन माणसं मारत नाही’

कॉमिक्सच्या जुन्या वाचकांचा मोठा आक्षेप हा. इथला बॅटमॅन गाडीवरच्या तोफांनी गुंडांना उडवतो, गुन्हेगारांना तापलेल्या लोखंडानं डाग देतो. चाहते सांगतात की तो वीस वर्षं लढून मोडलेला, रस्ता चुकलेला बॅटमॅन आहे आणि मुद्दाच तो आहे.

मला हा बचाव निम्मा पटतो. घसरलेला माणूस दाखवायला तो आधी उभा असलेला दिसायला हवा. हा बॅटमॅन आपल्याला भेटतो तोच घसरलेला. मिलरच्या कॉमिकमधला म्हातारा, चिडका बॅटमॅन १९८६मध्ये चालला, कारण वाचकाकडे त्याच्या सत्तेचाळीस वर्षांच्या आठवणी होत्या. सुपरमॅनच्या मरणाचंही तेच. कॉमिकमध्ये डूम्सडेनं त्याला मारलं १९९२च्या नोव्हेंबरात, जन्मानंतर चौपन्न वर्षांनी, आणि दुकानांबाहेर रांगा लागल्या. इथे तो आपल्या दुसऱ्याच सिनेमात मेला, तोही पुढच्या सिनेमात परत येणार हे सगळ्यांना माहीत असताना. खात्यात शिल्लक नसताना चेक फाडला की तो वटत नाही. मार्था, घसरलेला बॅटमॅन, सुपरमॅनची शवपेटी, हे सगळे त्या एकाच खात्यावरचे चेक.

सिनेमा फार काळोखा होता म्हणून पडला, असं निदान तेव्हा सगळीकडे झालं. मला ते चुकीचं वाटतं. क्रिस्टोफर नोलानचा गाजलेला बॅटमॅनपट ‘द डार्क नाइट’ काय उजेडाचा होता? पण वॉर्नरनं नेमकं तेच निदान मानलं, आणि पुढचं ऑपरेशन चुकीच्या अवयवावर झालं.

## दुरुस्ती, आणि दुरुस्तीची दुरुस्ती

‘जस्टिस लीग’चं चित्रीकरण लंडनजवळ सुरू झालं ११ एप्रिल २०१६ला. म्हणजे ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ लागून अडीच आठवडे. निकाल हातात आला तेव्हा पुढचं बांधकाम सुरूच होतं. मग हलकंफुलकं करा, विनोद घाला, छोटं करा, अशी धावपळ. मे २०१७मध्ये मुलीच्या मृत्यूनंतर स्नायडर बाजूला झाला आणि ‘अॅव्हेंजर्स’चा दिग्दर्शक जॉस व्हीडननं बराच भाग नव्यानं चित्रित केला. हेन्री कॅव्हिल तोवर दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवून बसला होता आणि ती काढायला त्याला परवानगी नव्हती. ती संगणकावर पुसली. नोव्हेंबर २०१७ला आलेल्या त्या दोन तासांच्या सिनेमात सुपरमॅनचा वरचा ओठ कुंभारानं घाईत लिंपल्यासारखा दिसतो. गल्ला ६६ कोटी डॉलरच्या आसपास, खर्च ३० कोटींच्या घरात. हा मात्र खरोखर पडला.

मग सुरू झाली ‘स्नायडर कट’ची, म्हणजे ‘जस्टिस लीग’च्या स्नायडरच्या मूळ आवृत्तीची, मागणी. कापलेल्या अर्ध्या तासाचा अनुभव चाहत्यांना होताच, त्यामुळे ‘खरा सिनेमा कपाटात बंद आहे’ हे त्यांना लगेच पटलं. हॅशटॅग चालले, टाइम्स स्क्वेअरमध्ये जाहिराती लागल्या, आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेला चाहत्यांनी पाच लाख डॉलरहून अधिक देणग्या जमवल्या. याच गर्दीतल्या काहींनी समीक्षक आणि स्टुडिओतल्या माणसांना शिव्यागाळी आणि धमक्याही दिल्या. २०२२मध्ये ‘रोलिंग स्टोन’नं छापलं की स्टुडिओच्या अहवालांनुसार या मोहिमेतली किमान १३ टक्के खाती बनावट होती. म्हणजे फार तर ८७ टक्के खरी होती, हेही तितकंच खरं.

१८ मार्च २०२१ला ती आवृत्ती आली, २४२ मिनिटांची, म्हणजे बरोबर दुपटीहून दोन मिनिटं जास्त. त्यासाठी आणखी सुमारे ७ कोटी डॉलर ओतले गेले. आपल्याकडे ती बुकमायशोच्या स्ट्रीमवर बघता आली; मी दोन रात्रींत संपवली. लांबण आहे, पण प्रत्येकाला कारण आहे. सायबॉर्गसारखं पात्र, जे २०१७मध्ये फर्निचर होतं, इथे गोष्टीचं काळीज झालं.

यातून लागलेली सवय अजून गेलेली नाही. आता कुठलाही मोठा सिनेमा पडला की आठवडाभरात कुणीतरी म्हणतंच की दिग्दर्शकाची खरी आवृत्ती दाबून ठेवलीय. कधी ते खरं असतं, बहुतेक वेळा कपाटात आणखी वाईट सिनेमा असतो.

सिनेविश्व मात्र वाचलं नाही. २०२२च्या शेवटी डीसीची सूत्रं जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे गेली, कॅव्हिलला निरोप मिळाला, आणि २०२५च्या ‘सुपरमॅन’मध्ये डेव्हिड कोरेन्स्वेट लाल चड्डी आणि एक कुत्रं घेऊन लख्ख उन्हात उडताना दिसला.

तो बघून आल्यावर भाच्यानं हट्टानं मला २०१६च्या सिनेमाची तीन तासांची आवृत्ती दाखवली. ‘आता बघ मामा, आता सगळं कळेल.’ कळलं. आफ्रिका कळली, शिसं कळलं, क्लार्कचा राग कळला. मधे मधे तो माझ्याकडे ‘सांगितलं होतं ना’ अशा नजरेनं बघत होता आणि मी मान डोलवत होतो. मग पाऊस, धूर, गळ्यावर बूट. अर्धा तास वाढला होता, पण या प्रसंगात एका शब्दाचाही फरक नव्हता.

सुपरमॅन म्हणाला, मार्थाला वाचव. भाच्यानं उशी तोंडावर धरली, पण खांदे हलताना दिसत होते.